वर्षानं गाळलेली पानं

गेवराई, ६ जुलै

वर्षा,

मागच्या महिन्यात तुला माझ्याकडून एक पाकीट मिळालं असेल. आत कोरे कागद होते. ते पत्र होतं. प्रिंटरची शाई संपली होती आणि मला कळलं नाही. कागद आत गेले, बाहेर आले, आवाज नेहमीसारखा झाला, हाताला गरम लागले. मी घडी घालून पाकिटात भरले. पुढे कॉलेजात एका बाईंना चाचणीची प्रश्नपत्रिका छापून दिली, तेव्हा त्या म्हणाल्या, "विजयमाला मॅडम, ह्याच्यावर काहीच उठलं नाही की."

त्या पत्रात जे होतं ते पुन्हा लिहीत नाही. हे वेगळं आहे. हे छापलं की आधी यंत्राकडून वाचून घेईन, मगच पाकिटात घालीन.

यंत्र म्हणजे स्कॅनर. झाकणाची चपटी पेटी. पुस्तक उघडून काचेवर पालथं ठेवायचं, वरून दाबून धरायचं. आत काहीतरी सरकत जातं आणि परत येतं. मग संगणक पानावरची अक्षरं ओळखतो आणि पुरुषी आवाजात वाचून दाखवतो. आवाजाला चढउतार नाही. शिवणीजवळची अक्षरं त्याला नीट लागत नाहीत, तिथं तो अडखळतो. काचेवर अंगठा राहिला तर अंगठ्याखालचे शब्द जातात. हातानं लिहिलेलं त्याला वाचता येत नाही. बाकी छापील सगळं वाचतो.

स्टँडजवळच्या दुकानातल्या पप्पूनं ते बसवून दिलं. पाहायला म्हणून त्यानं खिशातली एक लग्नपत्रिका काचेवर ठेवली. यंत्रानं नवरा-नवरीची नावं चुकवली. खाली छापलेल्या पुढाऱ्यांची सगळी नावं बरोबर वाचली. पप्पू म्हणाला, "मॅडम, ह्याला बी कळतंय बघा, कुणाला धरून ऱ्हायचं."

भिंतीपलीकडच्या सत्यभामाकाकू पहिल्याच दिवशी दारात आल्या. "विजे, तुझ्या घरात हा बाप्या कोन बोलतोय गं?" मी दाखवलं. त्या म्हणाल्या, "थकत न्हाई का ह्यो?" तेव्हापासून मी कानात इअरफोन घालून ऐकते.

आता काम. माझा पीएच.डी.चा प्रबंध नोव्हेंबरअखेर द्यायचा आहे. कादंबऱ्यांतल्या घर सोडून गेलेल्या बायका, असा विषय आहे. तिसरं प्रकरण सुंदरबाईवर. तुला आठवत असेल. बी.ए.ला होती ती कादंबरी, तू मला उमापूरच्या घरी कॅसेटवर वाचून दिली होतीस. ते प्रकरण मी त्या कॅसेटवरून लिहिलं. माझ्या मार्गदर्शक सरांना पानांचे क्रमांक हवेत आणि कॅसेटला पानं नसतात. म्हणून कॉलेजच्या ग्रंथालयातून पुस्तक आणलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत स्कॅन केलं.

सुंदरबाई परत येते तो शेवटचा प्रसंग पुस्तकात नाही. मी पुन्हा स्कॅन केलं. पुस्तकात ती जाते आणि येत नाही.

माझं सगळं प्रकरण ती परत येते यावर उभं आहे. ते पडलं तर प्रबंध पडतो, आणि मुदतवाढ एकदा घेऊन झाली आहे.

तू वाचलेलं पुस्तक वेगळं होतं का? जुनी आवृत्ती? एवढंच सांग. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिलं. उत्तर मात्र फोनवर दे. तुझं अक्षर ह्याला वाचता येणार नाही आणि दुसऱ्या कुणाकडून मी ते वाचून घेणार नाही.

विजू


गेवराई, २७ जुलै

वर्षा,

तुझा फोन आला नाही. परवा मी चकलांब्याला केला. तुझ्या सासूबाईंनी उचलला. "वर्षा शेतात हाय," वत्सलाबाई म्हणाल्या. मागं तू खोकलीस. तुझा खोकला मला कळतो.

मी कॅसेटी काढल्या. टेप अजून चालतो. एका कानाला तू, दुसऱ्या कानाला यंत्र, असं सगळं नव्यानं ऐकतेय. फक्त ती कादंबरी नाही. समीक्षा, इतिहास, भाषाशास्त्र, जे जे पुस्तक पुन्हा मिळालं ते.

कॅसेटीत उमापूर पुष्कळ आहे. आप्पा अडकित्त्यानं सुपारी कातरतायत. शेळी आहे. एका जागी तू वाचता वाचता ओरडतेस, "हाड! आयो, पुस्तकाचा कोपरा खाल्ला गं हिनं!" आणि आई लांबून विचारते, "पाठ केला का?" मग तुम्ही दोघी हसताय. हे मी तेव्हा परीक्षेच्या घाईत पुढं ढकलत असे.

आणि टँकरचा हॉर्न. हॉर्न वाजला की आईची हाक: "वर्षे, ऊठ, पाणी आलंय!" तू म्हणतेस, "आले!" पण टेप लगेच बंद करत नाहीस. आधी एक वाक्य वाचतेस, मग खटका. पुन्हा सुरू होतेस तेव्हा तुला धाप लागलेली असते आणि तू काही पानं पुढं असतेस. खटक्याआधीचं ते वाक्य पुस्तकात नसतं. ते तुझं असतं.

इतिहासात तुझं वाक्य बहुतेक एकच: "आणि मग पुष्कळ वर्षं गेली." लढाई असेल तर, "त्यात दोन्हीकडची पुष्कळ माणसं कामी आली." समीक्षेच्या पुस्तकात: "या प्रश्नावर विद्वानांचं एकमत नाही." हे वाक्य तू चार वेगवेगळ्या पुस्तकांत घातलं आहेस. मी ते परीक्षेत सांगितलं होतं. तू लेखनिक म्हणून माझ्या शेजारी बसली होतीस आणि माझ्या नावावर ते लिहून काढलंस. हसली नाहीस. खोकलीस. त्या पेपरात मला पहिला वर्ग मिळाला.

अंधार पडला की वाचता येत नसे, आणि दिवसभरात कॅसेट भरली नाही तर आप्पा विचारत. तेव्हा तू पानं गाळलीस यात मला नवल वाटत नाही. मी चिडलेली नाही. मी कॅसेटीच्या बाजूला प्रत्येक जागा टाइप करून ठेवतेय, एवढंच.

लेखनिक परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी शिकलेला असावा लागे. माझं एम.ए. होईपर्यंत तू बारावीवर होतीस. नियम आप्पांनी केलेला नव्हता.

आणि तेराव्याचं. मला कळलंय की तू ते धरून बसली आहेस. आप्पांचा तेरावा, ओट्यावर सगळे बसलेले, आणि चुलते म्हणाले, "आता विजूपाशी कोन ऱ्हानार? वर्षीला न् जावयाला हिकडंच आनून ठेवा. तिला सवं हाय." मी म्हणाले, "मला वर्षा लागत नाही. मी यंत्र घेणार आहे." तू आतून ताटं आणत होतीस. ताटं खाली ठेवल्याचा आवाज झाला. संध्याकाळी तू मला न सांगता गेलीस.

ते वाक्य मी मागं घेत नाही. त्या ओट्यावर कुणीतरी ते म्हणायला हवं होतं, आणि तुला ते म्हणता आलं नसतं.

पुस्तक वेगळं होतं का, ते सांग.

विजू


गेवराई, १९ ऑगस्ट

वर्षा,

आता वेगळ्या आवृत्तीचं विचारत नाही. सरांनी चौकशी केली. ती कादंबरी एकदाच छापली गेली.

मग मला वाटलं, इथंही टँकर आला असेल. म्हणून ती कॅसेट शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकली. हॉर्न नाही. आईची हाक नाही. खटका नाही. दुपार असावी, कारण आप्पा घोरतायत. तू सावकाश वाचतेस. धाप नाही. मी ते टाइप करून घेतलंय. तुला आठवावं म्हणून देते:

"पुष्कळ वर्षांनी सुंदरबाई त्या गावात आली. भर उन्हाची आली. घराचं दार उघडं होतं. आत कुणीतरी दळत होतं. ती ओट्यावर बसली. जात्याची घरघर थांबायची तिनं वाट पाहिली. घरघर थांबली नाही. तिनं शेजारणीकडं पाणी मागितलं. पाणी प्याली, तांब्या ओट्यावर पालथा घातला आणि उठून गेली. आत दळणारीला कळलं नाही."

इथं तू थांबतेस. मग म्हणतेस, "संपलं, विजे." आणि टेप फिरत राहतो, रिकामा, बाजू संपेपर्यंत.

पुस्तकात असं आहे. सुंदरबाई विहिरीपलीकडच्या पायवाटेनं जाते. त्यानंतर पानंच्या पानं गावाची आहेत. बांधाचा तंटा, पंचायतीची निवडणूक, एक दुष्काळ, एका बैलाचा मृत्यू. मग कादंबरी संपते. ही सगळी पानं तू गाळलीस आणि त्यांच्या जागी हे ठेवलंस.

माझ्या तिसऱ्या प्रकरणात मी या प्रसंगावर खूप लिहिलं आहे. ती आत का जात नाही? मी लिहिलं, मानी आहे म्हणून. तांब्या पालथा का घालते? मी लिहिलं, या घराचं पाणी पुन्हा नको म्हणून. सरांना ते प्रकरण सगळ्यांत जास्त आवडलं होतं. विद्यापीठाच्या चर्चासत्रात मी ते वाचलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीही पुस्तक उघडून पाहिलं नाही. मी एकटीच पाहू शकत नव्हते आणि पाहिलं ते मीच.

सरांना काल सांगितलं. ते म्हणाले, "बहिणीला विचारा. तिनं कुठं ऐकलं असेल, दुसऱ्या पुस्तकातलं असेल, काही आधार असेल तर आपण तळटीप देऊ. नसेल तर प्रकरण काढावं लागेल."

तर आधार आहे का? की ते तुझं आहे?

काकूंना नातू झाला. पेढे दिलेत. तुला आवडतात तसे, जास्त साखरेचे.

विजू


गेवराई, २१ सप्टेंबर

वर्षा,

तुझे गहिनीनाथराव येऊन गेले. ते तुला सांगतीलच, पण त्यांनी काय सांगितलं ते मीही लिहून ठेवते, म्हणजे दोन्हींत फरक पडला तर तुला कळेल.

कॉलेजच्या गेटपाशी उभे होते. आवाज देईनात. मी पुढं निघाले तेव्हा म्हणाले, "ताई, मी. चकलांब्याचा." कोयत्यांना मुठी बसवायला बाजारात आले होते. मी कँटीनमध्ये चहाला नेलं. बशीत ओतून प्याले. पुष्कळ वेळ पावसाचं बोलले. मग म्हणाले, "तुमी पत्रं पाठीवता ती मिळत्यात."

"वाचते का ती?"

"वाचती की. पयलं मोठ्यानं वाचून दावायची आमाला. ते टँकरचं वाचलं तवा म्हातारी हसून हसून बेजार झाली. मागलं मात्र मनातच वाचलं. कुणाला दाखविलं न्हाई."

"काही म्हणाली?"

"म्हणली, पयलं पत्र चांगलं व्हतं."

"कोरं होतं ते."

"व्हय. तेच म्हणली."

मी हसले. तेही हसले, पण उशिरा, हसलं तर चालेल का ते पाहून. मग त्यांनी निरोप सांगितला. पाठ करून आणल्यासारखा सांगितला: "तिला म्हणावं, त्या पुस्तकाची शेवटची पानं फाटलेली व्हती. म्हणून मनचं घातलं. आता पत्र पाठवू नको."

मी विचारलं, "एवढंच?"

"एवढंच." मग उठताना म्हणाले, "ताई, राग मानू नका, पर तुमी तिला कावून विचारता सारकं सारकं? ती तवा ल्हान व्हती."

मी म्हणाले, "माझा प्रबंध अडलाय."

ते म्हणाले, "हां." त्यांना ते खरं वाटलं नाही.

माणूस चांगला आहे. हे मी तुझ्या लग्नात म्हणायला हवं होतं, पण तेव्हा ते कुणी मला विचारलं नाही. जाताना त्यांनी माझ्या हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी दिली आणि "रानातल्या हायत, ती म्हणली द्या," असं म्हणाले. म्हणजे निरोप एवढाच नव्हता.

विजू


गेवराई, १५ ऑक्टोबर

वर्षा,

मी उमापूरला जाऊन आले. एस.टी.नं, एकटी. वाचनालय अजून ग्रामपंचायतीच्या वरच आहे. राधाकिशन आता म्हातारा झालाय, पण पुस्तकं त्याच्याकडेच. मी कादंबरीचं नाव सांगितलं. म्हणाला, "हाय की. तुमच्या शेळीनं खाल्लेलं ते एकच ऱ्हायलंय. बाकीची उंदरानं खाल्ली."

त्यानं पुस्तक हातात दिलं. कोपरा तसाच. चावा घेतलेली कड बोटाला लागली. म्हणजे हे तेच पुस्तक, तू वाचलेलं.

मी शेवटची पानं शिवणीपर्यंत बोटांनी चाचपली. पान फाटलं की शिवणीत त्याची पट्टी उरते. कुठेही पट्टी नव्हती. राधाकिशननं विचारलं, "काय शोधता, बाई?" मी म्हणाले, "न फाटलेली पानं." तो म्हणाला, "ती तर समदीच हायत."

पुस्तक घरी आणून स्कॅन केलं. बांधाचा तंटा, निवडणूक, दुष्काळ, बैल. सलग. एक पान कमी नाही.

तुझं उत्तर मिळालं होतं. ते खरं नाही.

मी हे पोलिसासारखं करतेय असं तुला वाटत असेल. सत्यभामाकाकूंनाही वाटतं. त्या म्हणाल्या, "अगं, तिनं खोटं वाचलं न् तुझं भलं झालं. आता कशाला उकरती?" मी त्यांना पृष्ठ क्रमांक, तळटीप, मुदत, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आनि खरं काय?"

खरं हे. माझं सगळं वाचन वीस वर्षं तुझ्या आवाजात झालं. आता यंत्र वाचतं, ते बरोबर वाचतं, एक शब्द आपल्या पदरचा घालत नाही. मला ते हवं होतं आणि मिळालं. पण त्यामुळे मला आता कळतंय की त्या कॅसेटीत दोघं बोलत होते, पुस्तक आणि तू. मी दोघांना एकच समजत आले. तू काय म्हणत होतीस ते मी ऐकलं, पण तू म्हणतेस हे मला माहीत नव्हतं. म्हणून विचारतेय. ते तुझं असेल तर मला तळटिपेत तुझं नाव घालायचं आहे. सर म्हणतात, असं कुणी करत नाही. ते मी पाहीन.

ऊसतोडीची टोळी दिवाळीनंतर निघणार, असं गहिनीनाथराव म्हणाले. यंदा कर्नाटकातल्या कारखान्यावर. म्हणजे ट्रॅक्टर गेवराईवरूनच जाईल. पुलापासून माझं घर जवळ आहे. मारुतीच्या देवळामागं, निळं लोखंडी दार, शेजारी सत्यभामाकाकू. कुणालाही विचार, "आंधळ्या मॅडमचं घर", सांगतील.

येऊन सांग. तोवर तिसरं प्रकरण मी आहे तसं ठेवते. नाही आलीस तर काढते. मग उरलेल्यावर नवं काही लिहायला माझ्याकडे जेमतेम दोन आठवडे राहतील. बहुधा जमणार नाही.

दुपारनंतर मी घरीच असते.

विजू


गेवराई, २९ नोव्हेंबर

वर्षा,

हे पत्र तुला आता मिळणार नाही. चकलांब्याला पाठवतेय. वत्सलाबाई ते कपाटात ठेवतील आणि तू कारखान्यावरून आलीस की देतील. त्यामुळे घाई नाही. झालं ते क्रमानं लिहिते.

तुमची टोळी निघाली त्या दिवशी मी तीनला कॉलेजातून आले. दार उघडं ठेवलं. तू येशील म्हणून ठेवलं असं नाही, उकडत होतं. छापलेला सगळा प्रबंध एकेक पान काचेवर ठेवून वाचून घेत होते, छपाईत काही राहिलंय का पाहायला. कानात इअरफोन होते. यंत्र तिसऱ्या प्रकरणाशी आलं होतं.

मी माणसं पावलांवरून ओळखते. तुझं पाऊल तर मी झोपेतही ओळखलं असतं. पण कानात ते भरलेलं असलं की मला दारातला माणूस कळत नाही. ज्याला दिसतं त्याच्या हे लक्षात येणार नाही. त्याला वाटेल, बहीण समोर बसली आहे, तोंड दाराकडं आहे, हात कामात आहेत, आणि आपल्याकडे लक्ष देत नाही. तुला असं वाटलं नसावं. तू मला ओळखतेस. तरी लिहून ठेवते.

संध्याकाळी काकू आल्या. त्यांनी माझ्या कानातलं स्वतःच्या हातानं काढलं आणि म्हणाल्या, "वर्षा आलती."

मी विचारलं, "कुठंय?"

"गेली. डोक्याला फडकं बांधलेलं, पायात बूट. मी मेथी निवडत बसलेवते. मला म्हणली, सत्यभामाकाकू का तुमी? मी म्हणलं, तू विजूची भन. तोंडवळा लपतोय व्हय! जा की आत. तर उंबऱ्याभाईर पायरीवर बसली. तुझ्याकडं बघत बसली नुसती."

"मग हाक का नाही मारलीत?"

"मारणार व्हते गं! तिनं माझ्या तोंडावर हात धरला. म्हणली, 'वाचू द्या तिला. तिचं तिला वाचता येतंय, बघू द्या मला जरा.' बघितलं तिनं. तू पान ठेवती, दाबती, उचलती, समदं बघितलं. मग पाणी मागितलं. मी गिलास दिला. निम्मा प्याली तवर पुलाकडनं ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. लई वेळ वाजवत व्हता मेला. उठली. निघाली."

"काही सांगितलं?"

"न्हाई. गिलास बघ कसा ठिवलाय, तसाच हाय अजून."

मी बाहेर गेले. पायरीवर हात फिरवला. गिलास पालथा होता. खाली ओलं होतं.

तर उत्तर मिळालं. ते तुझंच आहे.

आता प्रबंधाचं. तिसरं प्रकरण त्याच संध्याकाळी काढलं. तळटिपेत बसण्याएवढं ते लहान नव्हतं. ते कादंबरीवर नव्हतंच, तुझ्यावर होतं, आणि तुझ्याबद्दलही त्यात चुकीचंच लिहिलं होतं. मानी आहे म्हणून आत जात नाही, असं. काकू म्हणाल्या की तू हसत होतीस.

मग तू गाळलेली पानं पुन्हा वाचली. बांध, निवडणूक, दुष्काळ, बैल. या वेळी एकच पाहिलं. सुंदरबाई गेल्यावर त्या सगळ्या पानांत गावातला एकही माणूस तिचं नाव काढत नाही. नवरा नाही, सासू नाही, विहिरीवरच्या बायका नाहीत. बैलासाठी रडतात. तिच्याबद्दल कुणी विचारतसुद्धा नाही. लेखकानं ते मुद्दाम केलं आहे, आणि इतकं गुपचूप की पृष्ठ क्रमांक शोधताना माझ्याही लक्षात आलं नव्हतं. तुझ्या लक्षात आलं होतं, असं मला वाटतं. म्हणून तू ती पानं मला वाचून दाखवली नाहीस. तिला परत आणलंस, कुणाला तरी पाणी द्यायला लावलंस.

यावर मी नवं प्रकरण लिहिलं. लहान आहे. सर म्हणाले, पहिलं जास्त चांगलं होतं, पण हे खरं आहे. काल प्रबंध दिला. राहील की पडेल, ते पुढच्या वर्षी कळेल.

तुझं नाव तळटिपेत नाही. आरंभीच्या पानावर आहे. आईचं, आप्पांचं आणि तुझं. तुझ्यापुढं "वाचक" असं लिहिलंय. दुसरा शब्द सुचला नाही.

कॅसेटी मी संगणकावर घेऊन ठेवतेय. पप्पू तारा जोडून देतो. शेळीपाशी आला की काम थांबवून हसत बसतो. म्हणतो, "मॅडम, हे लोकांना ऐकवा, पुस्तक राहू द्या."

इअरफोन मी काढून ठेवलेत. यंत्र आता मोठ्यानं वाचतं. काकू कुरकुरतात. "तुझा बाप्या सुरू झाला की माझं फोडणीतलं ध्यान उडतं," म्हणतात, आणि भाजी निवडायला माझ्याच दारात येऊन बसतात. काल निवडणुकीचं प्रकरण त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "आन् ती बाई कुठं गेली म्हनं?" वीस पानांत हे विचारणारं पहिलं माणूस.

तेराव्याचं वाक्य मी मागं घेत नाही, हे आधी लिहिलंय. आजही घेत नाही. मला वाचायला तू लागत नाहीस. तू स्वतः पाहून गेलीस.

कारखाना बंद झाला की ये. ट्रॅक्टरनं येऊ नकोस, तो थांबत नाही. एस.टी.नं ये, दोन दिवस राहायला ये. टेबल आवरून ठेवीन. वाचायचं काही बाहेर काढणार नाही.

विजू